लहरीमागची लांबी शोधा: नक्षीदार सिलिकॉन वेव्हगाइडमधला खरा रेझोनन्स कोणता?

प्रश्न रत्नागिरीहून आला आहे, एम.एस्सी. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थिनीचा. थोडक्यात असा: "प्रकल्पासाठी सिलिकॉन-ऑन-इन्सुलेटर चिप बाहेरून कोरून घेतली. वेव्हगाइड ५०० नॅनोमीटर रुंद, २२० नॅनोमीटर जाड. दोन्ही कडांना दाते, आवर्तन ३१८ नॅनोमीटर. मधोमध अर्ध्या आवर्तनाची जादा जागा, तिच्या दोन्ही अंगांना १५०-१५० दाते. प्रकाश आत-बाहेर करायला २ मिलिमीटर अंतरावर दोन ग्रेटिंग कपलर. हिशेबाने १५५० ला शिखर यायला हवं, ते १५३८ ला आलं. सगळ्या आलेखावर बारीक लहरी आहेत, त्यातली शिखरंही तितकीच अरुंद. एका रांगेवर ऑक्साइडचं आवरण आहे, दुसरी उघडी ठेवली आहे. उघड्या रांगेची शिखरं पाऊस सुरू झाल्यापासून रोज जागा बदलतात. यातला खरा रेझोनन्स कुठला? आणि दात्यांऐवजी गोल भोकांची रांग घ्यावी का?"

आधी शब्द. वेव्हगाइड म्हणजे प्रकाश वाहून नेणारी पट्टी, सिलिकॉन-ऑन-इन्सुलेटर म्हणजे ऑक्साइडच्या थरावर बसवलेला पातळ सिलिकॉन, ग्रेटिंग कपलर म्हणजे फायबर आणि चिप यांच्यात प्रकाशाची देवघेव करणारी रेघांची जाळी, आणि रेझोनन्स म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश एका जागी अडकून घुमणं. आता अपेक्षा तपासू. सिलिकॉनचा अपवर्तनांक १५५० नॅनोमीटरला ३.४८, खालच्या-वरच्या ऑक्साइडचा १.४४. एवढ्या मोठ्या फरकामुळे प्रकाश अर्ध्या मायक्रॉनच्या पट्टीत कोंडून राहतो. ५०० बाय २२० च्या पट्टीत, ऑक्साइडचं आवरण असताना, आडव्या ध्रुवणाच्या मूळ मोडचा (पट्टीत प्रकाश ज्या ठरावीक आकारात वाहतो त्याचा) परिणामी अपवर्तनांक, म्हणजे पट्टीतल्या प्रकाशाला प्रत्यक्ष जाणवणारा, सुमारे २.४४. ब्रॅगची अट सरळ आहे: तरंगलांबी = २ × परिणामी अपवर्तनांक × आवर्तन. ३१८ घातले की १५५२ येतात. म्हणजे तुमचा हिशेब बरोबर आहे, चुकलं ते दुसरीकडे.

दाते काय करतात ते किनाऱ्यावरच्या माणसाला समजायला सोपं आहे. किनाऱ्याला समांतर वाळूचे दांडे समान अंतरावर असतील, आणि येणाऱ्या लाटेची लांबी त्या अंतराच्या दुप्पट असेल, तर प्रत्येक दांड्यावरून परतणारी थोडी थोडी लाट एकमेकींत मिसळून वाढत जाते. एकेक दांडा नगण्य असतो, पण रांगेची मिळून भिंत होते. सिलिकॉनमध्ये तेच घडतं. तिथे एकेक दाता प्रकाशाचा एखादा टक्का किंवा त्याहूनही कमी परतवतो, पण ३०० दाते एका तालात परतवू लागले की मधली तरंगलांबी पुढे जातच नाही. पारगमनाच्या आलेखात दरी पडते. मधोमध अर्ध्या आवर्तनाची जागा सोडली की ताल एकदाच चुकतो. दोन आरसे आणि मधली खोली तयार होते आणि दरीच्या मधोमध टोकदार शिखर उभं राहतं. तुम्हाला ते शिखर हवं आहे. शिंपल्याच्या आतल्या बाजूची रंगीत झाकही याच कुळातली. तिथे सुमारे अर्ध्या मायक्रॉन जाडीचे चुन्याचे पापुद्रे एकावर एक बसलेले असतात. सी. व्ही. रामन यांनी १९३० च्या दशकात त्या झाकेवर शोधनिबंध लिहिले होते.

आता लहरींकडे. या सगळ्या मोजमापात एकच सूत्र हाताशी ठेवावं. दोन परावर्तक पृष्ठभागांमध्ये प्रकाश मागे-पुढे फिरला की आलेखावर समान अंतराच्या लहरी येतात, आणि त्या अंतरावरून पृष्ठभागांमधली लांबी काढता येते:

लांबी = तरंगलांबीचा वर्ग ÷ (२ × समूह अपवर्तनांक × लहरींमधलं अंतर)

इथे 'समूह' हा शब्द महत्त्वाचा. परिणामी अपवर्तनांक २.४४ असला तरी तरंगलांबीबरोबर तो बदलतो, त्यामुळे या वेव्हगाइडचा समूह अपवर्तनांक सुमारे ४.२ येतो. सूत्रात २.४४ घातला तर लांबी पावणेदोन पट चुकते आणि लहरीचा दोष भलत्याच जागेवर जातो.

तुमच्या चिपपुरतं गणित करून टाकू. दोन कपलरमधलं अंतर २ मिलिमीटर, तेव्हा लहरींमधलं अंतर ०.१४ नॅनोमीटर. दात्यांच्या पट्टीची लांबी ९५ मायक्रॉन, त्यामुळे दरीच्या बाहेर दोन्ही अंगांना ३ नॅनोमीटरच्या आसपास अंतराने उतरत जाणारे उंचवटे येणार. दरीच्या कडेला ते दाटीवाटीने असतात. चिपचा तळ, म्हणजे खालचा जाड सिलिकॉन. २०० मिलिमीटरच्या वेफरची (चिप जिच्यातून कापतात त्या चकतीची) प्रमाण जाडी ७२५ मायक्रॉन असते, आणि नुसत्या सिलिकॉनचा समूह अपवर्तनांक ३.६, तिथून ०.४६ नॅनोमीटरच्या लहरी. फायबरचं टोक आणि चिप यांच्यात १०० मायक्रॉन हवा राहिली असेल तर १२ नॅनोमीटरची संथ लाट. आणि एक मीटर फायबरच्या दोन टोकांना घाणेरडे कनेक्टर असतील तर ०.८ पिकोमीटर.

शेवटचा आकडा सगळ्यांत फसवा. लेझर १० पिकोमीटरच्या टप्प्याने फिरवला तर ०.८ पिकोमीटरची लहर आलेखावर तशी दिसत नाही. ती कधी गोंगाटासारखी दिसते, कधी भलत्याच अंतराची खोटी लहर बनून येते. ओळखायची खूण अशी: टप्पा १० वरून ७ पिकोमीटर करा. लहरींचं अंतर बदललं तर ती चिपमधली नव्हेच. मग कनेक्टर पाहावेत. हिरव्या टोपणाचा कनेक्टर ८ अंश तिरपा घासलेला असतो, निळा तसा नसतो. हिरव्याला निळा जोडला की मध्ये पाचरीसारखी फट राहते, प्रकाशही गळतो आणि परावर्तनही होतं. प्रयोगशाळेत हा घोळ फार वेळा होतो, कारण दोन्ही कनेक्टर एकाच सॉकेटमध्ये आरामात बसतात.

तुमचं शिखर किती रुंद असायला हवं? दात्यांची ताकद एका आकड्यात सांगतात, त्याला कपलिंग म्हणू. रुंद आणि अरुंद भागांत साधारण २० ते ३० नॅनोमीटरचा फरक असेल तर कपलिंग प्रति मिलिमीटर ५५ च्या आसपास येतं. प्रत्येक अंगाला १५० दाते धरले तर क्यू, म्हणजे तरंगलांबी भागिले शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी, सुमारे १४ हजार. रुंदी ०.११ नॅनोमीटर. आता गोंधळ कुठून आला ते दिसेल. कपलरमधल्या लहरींचं अंतर ०.१४ आणि तुमच्या शिखराची रुंदी ०.११, म्हणजे दोघंही एकाच मापाचे. नुसत्या डोळ्याने ते वेगळे करता येणार नाहीत.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: तापमान वाढवायचं, जे सरकेल तो रेझोनन्स. हा उपाय इथे चालत नाही. सिलिकॉनचा अपवर्तनांक दर अंशाला सुमारे १.८६ गुणिले दहाचा उणे चौथा घात इतका वाढतो, आणि शिखर दर अंशाला ७० ते ८० पिकोमीटर लांब तरंगलांबीकडे जातं. पण कपलरमधली लहरही त्याच सिलिकॉनमधून फिरते, तीही तेवढीच सरकते. चिपच्या तळातली लहर ८४ च्या आसपास. तापमानाने फक्त फायबर आणि हवेतल्या लहरी वेगळ्या काढता येतात; त्या जागच्या जागी राहतात. सिलिकॉनच्या आतलं भांडण तापमानाने सुटत नाही.

तीन गोष्टींनी सुटतं. पहिली, दात्यांशिवायचा साधा वेव्हगाइड, तेच कपलर, तीच लांबी. त्याचा आलेख घ्या आणि डेसिबलमध्ये वजा करा. लहरींचा टप्पा दोन्हीकडे तंतोतंत जुळत नसल्याने लहरी पूर्ण जाणार नाहीत, पण कपलरचा घुमटासारखा आकार निघून जाईल आणि दरी स्पष्ट होईल. चिपवर असा वेव्हगाइड नसेल तर पुढच्या वेळी आराखड्यात घाला. प्रत्येक रांगेत एक, आळस न करता.

दुसरी, परावर्तनाचा आलेख. सर्क्युलेटर, म्हणजे जाणारा आणि परतणारा प्रकाश वेगळा करणारा तुकडा, लावून परत येणारा प्रकाश मोजा. दरीच्या आत प्रकाश दात्यांपर्यंत जाऊन परततो, तेव्हा कपलर ते दाते एवढीच खोली उरते. दाते मधोमध असतील तर ती १ मिलिमीटरची. दरीच्या आत लहरींमधलं अंतर ०.१४ वरून ०.२९ होताना दिसलं, म्हणजे दुप्पट झालं, तर लहर कपलरचीच. अंतर जिथे बदलतं तिथे दरीची कडही सापडते. खरं शिखर परावर्तनात एकच खाच म्हणून येतं आणि शेजारच्या लहरींच्या ओळीत बसत नाही.

तिसरी सगळ्यांत पक्की, दात्यांची मालिका. त्याच चिपवर १००, १५० आणि २०० दात्यांचे नमुने असतील तर शिखराची जागा जवळपास तीच राहते, पण रुंदी दर ५० दात्यांमागे साडेपाच पटीहून थोडी जास्त घटते: क्यू २५०० च्या आसपास, मग १४ हजार, मग ८० हजार. कपलरच्या लहरींना दात्यांच्या संख्येशी देणंघेणं नसतं.

मग २५० दाते का नकोत, असा प्रश्न मनात येईल. आरसे जितके घट्ट तितका प्रकाश आत जास्त वेळ फिरतो आणि कडांच्या खडबडीतपणामुळे तितकाच वाया जातो. वेव्हगाइडची गळती सेंटिमीटरला २ डेसिबल धरली तर त्या गळतीपुरता क्यू ३.७ लाखांच्या आसपास येतो. २५० दात्यांच्या आरशांचा स्वतःचा क्यू पावणेपाच लाखांच्या घरात, म्हणजे गळतीपेक्षा आरसेच घट्ट. दोन्ही मिळून दोन लाख उरतात आणि शिखर ७ डेसिबलने खचतं. दातेरी कडांची गळती साध्या कडांपेक्षा जास्त असते, म्हणून प्रत्यक्षात याहून वाईट. ज्यांना शिखर 'दिसतच नाही' ते बहुतेक वेळा दाते कमी पडले असं समजून आणखी वाढवतात. करायला हवं उलट. आधी १०० दात्यांचा रुंद, उंच रेझोनन्स शोधावा आणि मग वर चढावं.

दाते खरोखर किती कोरले गेले, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी आलेखच सांगतो. मधली जादा जागा नसलेली, सलग ३०० दात्यांची पट्टी घ्या. पारगमनाच्या दरीच्या दोन्ही बाजूंना प्रकाश पहिल्यांदा पूर्ण वर येतो त्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजा. त्याला π आणि समूह अपवर्तनांकाने गुणून तरंगलांबीच्या वर्गाने भागा. आलेल्या आकड्याच्या वर्गातून π भागिले पट्टीची लांबी याचा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा, ते कपलिंग. ही वजाबाकी लोक विसरतात. ९५ मायक्रॉनच्या पट्टीत ती क्षुल्लक नाही. उदाहरणार्थ, दरी ११.७ नॅनोमीटर आली तर कपलिंग मिलिमीटरला ५५, आराखड्याप्रमाणे. दरी ८ नॅनोमीटर आली तर वजाबाकी न करता ४४ वाटेल, खरं कपलिंग मात्र २९ आहे, आणि १५० दात्यांचा क्यू १४ हजारांऐवजी सव्वादोन हजारांच्या आसपास येईल. असं होण्याचं नेहमीचं कारण लिथोग्राफी, म्हणजे चिपवर नक्षी उमटवण्याची पद्धत. १९३ नॅनोमीटर प्रकाशाची लिथोग्राफी ३१८ च्या आवर्तनातले चौकोनी दाते चौकोनी ठेवत नाही, त्यांना घासून लाटेसारखे गोल करते. इलेक्ट्रॉन बीमने कोरलेले दाते तुलनेने धारदार राहतात. म्हणून चिप कुठल्या पद्धतीने कोरली हे आधी विचारा आणि आराखड्यातले दाते त्या बेताने खोल ठेवा.

आता १५५० चे १५३८ कसे झाले. यात कोणाचाही गुन्हा नाही, पण हिशेब समजून घ्या. पट्टीची रुंदी १ नॅनोमीटरने कमी झाली की शिखर साधारण १ नॅनोमीटर खाली येतं. जाडी १ नॅनोमीटरने कमी झाली की दीड ते दोन. वेफरच्या जाडीत काही नॅनोमीटरचा फरक नेहमीचाच, आणि कोरताना रुंदी ५-१० नॅनोमीटर कमी होणंही. पट्टी ८ नॅनोमीटर अरुंद आणि २ नॅनोमीटर पातळ झाली की तुमचे १२ भरून निघतात. पण एकाच शिखरावरून रुंदी गेली की जाडी, हे सांगता येत नाही. एक समीकरण, दोन अज्ञात. उभ्या ध्रुवणाचा रेझोनन्स जाडीला वेगळ्या प्रमाणात प्रतिसाद देतो, तेव्हा त्याचा एक नमुना चिपवर असला की दुसरं समीकरण मिळतं.

आवर्तन बदलून शिखर जागेवर आणायचं असेल तर आणखी एक सापळा आहे. ब्रॅगच्या अटीवरून वाटतं की आवर्तन १ नॅनोमीटरने वाढवलं की शिखर २ गुणिले २.४४, म्हणजे जवळजवळ ४.९ नॅनोमीटर सरकेल. प्रत्यक्षात २.८ च सरकतं, कारण तरंगलांबी वाढली की परिणामी अपवर्तनांक घटतो आणि तो चाळीस टक्क्यांहून थोडा अधिक फायदा खाऊन टाकतो. ४.९ ला २.४४ भागिले ४.२ ने गुणलं की बरोबर आकडा येतो. तुम्हाला १२ नॅनोमीटर वर जायचं आहे, तर आवर्तन ३२२ ठेवा. ३२० किंवा ३२१ वर थांबलात तर पुन्हा मोजायला बसावं लागेल. आणि कोरणाऱ्या यंत्राची जाळी ५ नॅनोमीटरची असेल तर ३२२ आपोआप ३२० किंवा ३२५ होईल. जाळी १ नॅनोमीटरची आहे ना हे फाइल पाठवण्याआधी विचारून घ्या. खरं तर ३१८ ते ३२६ पर्यंत दोन-दोनच्या अंतराने पाच नमुने काढणं स्वस्त पडतं. चिपवर जागा भरपूर असते, नशिबावर कशाला सोडायचं.

संगणकावर आधी पडताळायचं असेल तर मीप हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. त्यात २० नॅनोमीटरचे चौकोन घेऊन १० नॅनोमीटरचे दाते मोजायला जाऊ नका; दाते जाळीतच हरवतात. आणि क्यू १४ हजार असेल तर आतल्या ऊर्जेला ओसरायला ११ पिकोसेकंदांच्या घरात वेळ लागतो. सिम्युलेशन २ पिकोसेकंदांत थांबवलं तर शिखर रुंद दिसेल आणि त्याचा दोष भौतिकशास्त्राकडे जाईल. मीपमधली हार्मिन्व्ह ही सोय थोड्या काळाच्या संकेतावरूनही तरंगलांबी आणि क्यू काढून देते, ती वापरा.

आता उघडी रांग आणि पाऊस. उघड्या पट्टीवर हवा असते. परिणामी अपवर्तनांक ऑक्साइडच्या आवरणापेक्षा कमी, म्हणून त्या रांगेची शिखरं मुळातच खाली असतात. हवेतल्या ओलाव्याचा काही रेणूंच्या जाडीचा पाण्याचा थर सिलिकॉनवर नेहमीच बसतो, आर्द्रतेबरोबर जाड होतो. पाण्याचा अपवर्तनांक १५५० ला १.३२ च्या आसपास, हवेहून जास्त, त्यामुळे थर वाढला की शिखर लांब तरंगलांबीकडे जातं, कोरडं पडलं की परततं. आच्छादित रांगेत हे होत नाही. दोन्ही रांगा एकाच दिवशी मोजा. आच्छादित रांग १०० पिकोमीटर सरकली आणि उघडी ३०० तर पहिले १०० तापमानाचे, उरलेले ओलाव्याचे. तुम्हाला फुकटात आर्द्रतामापक मिळाला आहे, पण प्रकल्पाचा विषय तो नसेल तर त्रासच.

किनाऱ्यावर यात मीठ मिसळतं. हवेतले मिठाचे कण चिपवर बसतात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते हेच. पट्टीवर असा एक थेंब बसला की तिथे प्रकाश विकिरित होतो, शिखर खचतं, आणि कोरड्या दुपारी तोच थेंब स्फटिक होऊन वेगळ्या रीतीने त्रास देतो. शिखराची जागा आणि उंची दोन्ही बदलत असतील आणि दुपारी-संध्याकाळी वेगळी येत असतील तर चिप आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, मग अतिशुद्ध पाण्याने, पुन्हा अल्कोहोलने, आणि कोरड्या नायट्रोजनने फुंकून वाळवा. मीठ अल्कोहोलमध्ये फारसं विरघळत नाही, म्हणून मधलं पाणी वगळायचं नाही. अल्कोहोलची बाटली उघडी ठेवू नका. तेही हवेतलं पाणी पितं आणि वाळताना डाग सोडतं. ज्या चिपवर पट्ट्या अधांतरी लटकलेल्या आहेत ती अल्ट्रासोनिक बाथमध्ये घालायची नाही.

तापमान स्थिर ठेवायला पेल्टियरचा (विजेवर थंड-गरम होणारा) चौथरा वापरत असाल तर त्याचं तापमान किती ठेवलं आहे ते पाहा. पुस्तकांत २० किंवा २५ अंश लिहिलेलं असतं. ते कोरड्या प्रयोगशाळांसाठी. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंश येतो. २० अंशांच्या चौथऱ्यावर ठेवलेल्या चिपवर दव पडणार म्हणजे पडणारच. वातानुकूलन चालू असेपर्यंत हे लक्षात येत नाही. वीज गेली, दार उघडलं, बाहेरची ओली हवा आत आली आणि चौथरा बॅटरीवर तसाच थंड, की दहा मिनिटांत शिखर गायब. चौथरा ३५ अंशांवर ठेवा. शिखर पाऊण-एक नॅनोमीटर वर जाईल, जाऊ दे. तो आकडा वजा करता येतो, दव वजा करता येत नाही. स्थिरता मात्र ०.१ अंशाच्या आत हवी, कारण तुमचं ०.११ नॅनोमीटरचं शिखर दीड अंशात स्वतःच्या रुंदीएवढं सरकतं. चिपच्या वर एक लहान झाकण आणि त्यात नायट्रोजनचा मंद झोत असला तर उघडी रांगही शांत होते. रात्री चिप सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात. जेल निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतं. भिंगांवर आणि फायबरच्या टोकांवर बुरशी धरते ती याच महिन्यांत, त्यामुळे त्यांनाही डब्यात जागा द्या.

मोजणीच्या बाजूने दोन-तीन गोष्टी, ज्या आकड्यांवर थेट परिणाम करतात. लेझरचा टप्पा शिखराच्या रुंदीच्या दहाव्या हिश्शाहून मोठा नको, ०.११ साठी ५ पिकोमीटर ठीक, दोन लाखांच्या क्यूसाठी ०.७ पिकोमीटर किंवा कमी. तरंगलांबीचा खरेपणा अॅसिटिलीन वायूच्या नळीने तपासता येतो; तिच्या शोषणरेषा १५१० ते १५४० च्या पट्ट्यात येतात, म्हणजे तुमच्या १५३८ च्या अगदी अंगणात.

दरीचा तळ ३५-४० डेसिबल खोल येण्याऐवजी २० वर सपाट झाला असेल तर दात्यांना दोष देऊ नका. एक तर लेझरसोबत येणारा पसरट स्वयंस्फूर्त प्रकाश दरीच्या बाहेरच्या तरंगलांब्यांवरून पलीकडे जातोय, किंवा चुकीच्या ध्रुवणाचा प्रकाश जातोय. उभ्या ध्रुवणासाठी या पट्टीचा परिणामी अपवर्तनांक १.८ च्या आसपास असतो, त्याची ब्रॅग तरंगलांबी बरीच खाली पडते, म्हणून १५३८ ला तो दात्यांना ओळखतच नाही, सरळ निघून जातो. ग्रेटिंग कपलर बरंचसं ध्रुवण स्वतःच निवडतात. कडेतून प्रकाश घालत असाल तर ध्रुवण नियंत्रक फिरवून दरी सर्वांत खोल होईपर्यंत लावा.

शिखर तिरकं असेल, एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा, तर ते फानोचं रूप. अरुंद रेझोनन्स आणि पसरट पार्श्वभूमी यांच्या व्यतिकरणातून ते येतं. उगो फानो यांनी १९६१ मध्ये अणूंच्या संदर्भात त्याचं गणित मांडलं, पण ते प्रकाशालाही तसंच लागू पडतं. तुमच्या चिपवर ती पार्श्वभूमी बहुधा कपलरमधल्या लहरीचीच. अशा शिखराला साधी सममित घंटा बसवली तर मध्य आणि क्यू दोन्ही चुकतात. फानोचं सूत्र बसवा, तिरकेपणाचा आकडा वेगळा मिळेल. तापमान थोडं बदलून बघितलं तरी इथे फारसा फरक पडत नाही, कारण दोघंही बरोबर सरकतात.

तिरकेपणाची दुसरी जात वेगळी, आणि तिच्यावर औषध सोपं आहे. शिखर शार्कच्या पंखासारखं, लांब तरंगलांबीच्या बाजूला एकदम तुटलेलं, आणि लेझर उलट दिशेने फिरवला की भलत्याच जागी, भलत्याच आकाराचं. ही उष्णता. १५५० च्या एका फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, सिलिकॉनची ऊर्जाफट १.१२, एकटा फोटॉन शोषला जात नाही, दोन मिळून शोषले जातात. क्यू जास्त असला की आत प्रकाश इतका दाटतो की हे शोषण जाणवतं, खोली तापते, शिखर लेझरच्या पुढे पळत राहतं. लेझरची शक्ती १० डेसिबलने कमी करून पुन्हा मोजा. आकार बदलला तर कमी शक्तीचाच आकडा खरा. चिपवर पोहोचणारी शक्ती ०.१ मिलिवॉटच्या खाली ठेवली तर १४ हजारांच्या क्यूला त्रास होत नाही. लाखाच्या वर त्याहूनही कमी.

दात्यांऐवजी पट्टीत गोल भोकांची रांग असलेली रचना घ्यावी का, हेही विचारलं आहे. हा मार्ग जुना आहे. १९९७ मध्ये एमआयटीच्या गटाने सिलिकॉनच्या पट्टीत भोकं पाडून मधोमध खोली बनवली, तेव्हा क्यू २६५ आला होता. आरसे चांगले होते, पण खोलीच्या कडा एकदम संपत असल्याने प्रकाश वर-खाली उडून जात होता. २००३ मध्ये जपानमध्ये नोदा यांच्या गटाने पातळ पाटीतल्या भोकांच्या रचनेत खोलीच्या टोकांची दोन भोकं किंचित बाहेर सरकवली आणि क्यू ४५ हजारांवर गेला. भिंत एकदम उभी न करता हळूहळू चढवायची, हा धडा तिथून सगळ्यांनी घेतला. भोकांची पट्टी करायची तर मधल्या दहा-बारा भोकांचा व्यास मध्यापासून बाहेर वर्गाच्या नियमाने बदलत न्या, आवर्तन तेच ठेवा. मात्र भोकांच्या रचनेत प्रकाश काही मायक्रॉनांत मावतो, त्यामुळे एका भोकाचा व्यास ३ नॅनोमीटरने चुकला तरी शिखर हलतं, आणि उघड्या भोकांत ओलावा व मीठ शिरतं. रत्नागिरीच्या पावसाळ्यात, झाकणाशिवाय, पहिल्याच प्रकल्पात ते नको. दातेरी पट्टी ऑक्साइडखाली सुरक्षित राहते.

तुमच्या हाताशी आज एवढी एकच चिप असेल तर क्रम असा धरा: आच्छादित रांग, चौथरा ३५ अंशांवर, शक्ती कमी, टप्पा ५ पिकोमीटर, मग टप्पा ७ करून तोच आलेख पुन्हा. लहरींचं अंतर ०.१४ आहे का, ०.४६ आहे का, की बदलतंय, ते मोजा. मग सर्क्युलेटर लावून परावर्तन. १५३२ ते १५४४ च्या दरम्यान ०.२९ च्या लहरींच्या ओळीत न बसणारी एक खाच सापडायला हवी. सापडली नाही तर १०० दात्यांच्या नमुन्यावर जा. तिथे तिची रुंदी ०.६ नॅनोमीटर असेल आणि ती कपलरच्या कुठल्याच लहरीशी गोंधळणार नाही.